दोन सेन्सर, एकच चूक : ३७ अंशांच्या इन्क्युबेटरचे प्रकरण

(प्रयोगशाळेची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.)

पार्श्वभूमी

पेशीसंवर्धनासाठी वापरला जाणारा साधारण १५० लिटरचा इन्क्युबेटर. तापमान ३७.० अंश सेल्सिअस, अपेक्षित चढउतार ±०.२ अंश. तळाशी पाण्याचा ट्रे असल्यामुळे आतली हवा कायम दमट, सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर. मूळ कंट्रोलर निकामी झाल्यावर संस्थेच्या उपकरण विभागाने स्वतः नवा बांधून बसवला. "एक सेन्सर बिघडला तरी काम थांबू नये" म्हणून त्यात मुद्दाम दोन सेन्सर ठेवले होते.

रचना अशी होती : अ वर्गाचे दोन पीटी१०० सेन्सर (प्लॅटिनमचे, तापमान वाढले की रोध वाढणारे), दोन्ही तीन तारांचे, मागच्या भिंतीवर पंख्याजवळ एकाच पितळी ठोकळ्यात शेजारी शेजारी बसवलेले. दोघांच्या मिळून सहा तारा एकाच सहा पिनांच्या कनेक्टरमधून बाहेर येत, आणि तो कनेक्टर भिंतीच्या जाडीत, म्हणजे दमट बाजूलाच होता. दोन्ही सेन्सर एकच एडीसी (मोजलेला सिग्नल आकड्यात बदलणारा भाग), ठरावीक रोधाच्या एकाच संदर्भ रोधकाच्या आधाराने आळीपाळीने वाचत असे. नियंत्रण दोन्ही वाचनांच्या सरासरीवर चाले. दोघांमध्ये १.० अंशापेक्षा जास्त फरक पडला की अलार्म. सरासरी ३८.० च्या वर गेली की दुसरा अलार्म. हीटर ३०० वॉटचा, सॉलिड स्टेट रिले या इलेक्ट्रॉनिक स्विचमार्फत चालू-बंद होणारा.

फरकाची मर्यादा १.० अंश इतकी सैल का ठेवली, याचा हिशेब त्या वेळी कागदावर केलेला होता. अ वर्गाच्या पीटी१०० ची मान्य चूक ±(०.१५ + ०.००२ × तापमान) अंश असते. ३७ अंशांना ती ±०.२२ होते. दोन सेन्सर विरुद्ध दिशांना चुकले तर ०.४५ अंशांचा फरक निर्दोष अवस्थेतही दिसू शकतो. त्यावर दार उघडल्यावरच्या गोंधळासाठी वाढीव जागा धरून आकडा १.० झाला. हिशेब बरोबर होता, पण तो कॅलिब्रेशन न केलेल्या, म्हणजे खात्रीच्या थर्मामीटरशी न ताडलेल्या, सेन्सरांचा होता. हे दोन्ही सेन्सर कॅलिब्रेट केलेले होते, म्हणजे इतकी सूट द्यायचे कारणच नव्हते.

समस्या

पेशींची वाढ अनियमित झाली. आधी संशय पेशींच्या पोषक माध्यमाच्या नव्या बॅचवर गेला, मग कार्बन डायऑक्साइडच्या पातळीवर. तापमानाकडे कोणी पाहिले नाही, कारण पडद्यावर ३७.० दिसत होते आणि दोन्ही सेन्सर एकमेकांशी जुळत होते. एका संशोधिकेने स्वतःच्या प्रयोगासाठी आत थर्मिस्टरवर चालणारा छोटा डेटा लॉगर ठेवला, त्याने ३८ च्या वरचे आकडे दाखवले. पहिली प्रतिक्रिया अपेक्षितच होती : दोन सेन्सर एक सांगतात आणि एक लॉगर दुसरे, तेव्हा लॉगरच चुकीचा.

कॅलिब्रेट केलेला संदर्भ थर्मामीटर मागच्या छिद्रातून आत घालून पितळी ठोकळ्याला टेकवला आणि ४५ मिनिटे दार न उघडता थांबले. संदर्भ ३८.३ वर स्थिरावला. त्याच क्षणी सेन्सर १ ला ३६.९४ आणि सेन्सर २ ला ३७.०९ दिसत होते. दोघांत फरक ०.१५ अंश, सत्यापासून अंतर १.२१ ते १.३६ अंश.

निदान

तपासणीचा क्रम इथे महत्त्वाचा ठरला. आधी बोर्ड निर्दोष आहे का ते पाहिले : सेन्सर काढून त्या जागी १०० ओमचा अचूक रोधक लावला, वाचन ०.०० अंश आले. म्हणजे एडीसी आणि संदर्भ रोधक ठीक. मग दोन्ही सेन्सर बाहेर काढून थेट कॅलिब्रेटरवर वाचले. तेही निर्दोष. राहिला मधला मार्ग, म्हणजे तारा आणि कनेक्टर.

समांतर गळती, म्हणजे ओलाव्यातून पिनांमध्ये वाहणारा चोरटा प्रवाह, शोधताना एक अडचण येते. सेन्सर जोडलेला असेल तर मीटरला ११४ ओमच दिसतात, त्याच्या समांतर असलेले २५-३० किलोओम त्यात बुडून जातात. म्हणून कनेक्टरची सेन्सरकडची आणि बोर्डाकडची दोन्ही टोके मोकळी करून फक्त पिनांमधला रोध मोजला. पहिल्या जोडीत सुमारे २५ किलोओम, दुसऱ्या जोडीत सुमारे २८. ओल्या संपर्कांवर डीसी मीटरचा आकडा सरकत राहतो, त्यामुळे मोजताना टोके उलटी करूनही पाहिले. इन्सुलेशन टेस्टर वापरायचा असेल तर बोर्ड आधी पूर्णपणे सोडवावा, नाहीतर टेस्टरचा व्होल्टेज एडीसीच्या प्रवेशभागाला मारतो.

आता गणित जुळते का ते पाहू. ३८.३ अंशांना पीटी१०० चा रोध ११४.८८ ओम. त्याच्या समांतर २५ किलोओम आले की दिसणारा रोध ०.५३ ओमने घटतो. ३७ अंशांच्या आसपास एका अंशाला ०.३८७ ओम, म्हणजे १.३६ अंशांची घट. २८ किलोओमने १.२१ अंशांची. पडद्यावर दिसलेल्या आकड्यांशी हे तंतोतंत जुळते. कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन गरम हवेने वाळवला आणि दोन्ही वाचने एकदम वर गेली.

थोडक्यात, भिंतीच्या थंड भागात कनेक्टरवर वाफ साचली, त्यात पिनांवर सोल्डरिंगच्या वेळी राहिलेले जुने फ्लक्स विरघळले आणि दोन्ही वाहिन्यांत जवळपास सारखीच गळती सुरू झाली. पीटी१०० मध्ये अशी गळती वाचन नेहमी खाली ओढते. वाचन खाली गेले की कंट्रोलर हीटर वाढवतो. सरासरी ३७.० वर आणून तो स्वस्थ बसला, आणि आतली हवा ३८.३ झाली. अतितापाचा अलार्मही त्याच सरासरीवर होता, त्यामुळे तो वाजण्याची शक्यताच नव्हती. दोन्ही सेन्सर एकाच माळेचे मणी होते : ठोकळा एक, कनेक्टर एक, एडीसी एक, आणि अलार्मही त्यांच्याच जीवावर.

वार्षिक कॅलिब्रेशनमध्ये हे का सापडले नाही? कारण त्या वेळी सेन्सर काढून बाहेर तपासले जात. दोषी कनेक्टर मोजणीच्या वाटेत कधी आलाच नाही.

एक पुरावा मात्र सगळा वेळ नोंदींमध्ये पडून होता. हीटरचा ड्यूटी, म्हणजे हीटर चालू राहण्याचे प्रमाण, नेहमी २२ टक्क्यांच्या आसपास असे. खोली २५ अंशांना स्थिर. उष्णतेचे नुकसान आतल्या-बाहेरच्या फरकाच्या प्रमाणात असते, तेव्हा १२ अंशांचा फरक १३.३ झाला की ड्यूटीही सुमारे २४.४ टक्के व्हायला हवा. नोंदींमध्ये तो तसाच चढलेला होता. हीटरला सेन्सरचे खोटे कळत नाही, त्याला खरी उष्णताच पुरवावी लागते.

पहिला निर्णय : आत असलेल्या पेशींचे काय?

सोपा मार्ग समोर होता : ठरवलेले तापमान ३५.७ करायचे, म्हणजे आत ३७ येईल. तो टाळला, आणि योग्य कारणासाठी. गळती स्थिर नव्हती. दार उघडले, ट्रेमध्ये पाणी भरले, कनेक्टर थोडा वाळला की चूक बदलत होती. सरकत्या चुकीवर स्थिर दुरुस्ती लावली तर तापमान कुठे जाईल याचा भरवसा नाही. पेशी दुसऱ्या इन्क्युबेटरमध्ये हलवल्या आणि मागील नोंदींवर "तापमान अविश्वसनीय" असा शेरा मारला. कोणत्या तारखेपासून, हे ड्यूटीच्या आलेखावरून ठरवता आले.

विचारात घेतलेले पर्याय

सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे सीलबंद कनेक्टर बसवणे आणि फरकाची मर्यादा ०.३ वर आणणे. ही विशिष्ट घटना त्याने थांबली असती. पण दोन सेन्सरांमध्ये मतभेद झाला तर खरे कोण, हे ठरवायला तिसरा कोणी नसतो, आणि दोघे मिळून चुकले तर मतभेदही दिसत नाही.

दुसरा पर्याय : तिसरा पीटी१०० आणि सरासरीऐवजी मध्यक. मध्यक सरासरीपेक्षा निश्चित चांगला. तीनपैकी एक कितीही भरकटला तरी मधले वाचन फारसे हलत नाही, सरासरीत मात्र त्याच्या चुकीचा एक तृतीयांश भाग शिरतोच. पण तिन्ही त्याच ठोकळ्यात आणि त्याच कनेक्टरवर असतील तर तिघांचे एकमत त्याच चुकीवर होईल.

तिसरा पर्याय निवडला : सेन्सरांच्या संख्येपेक्षा त्यांच्यातला वेगळेपणा वाढवायचा. दोन पीटी१०० आणि एक एनटीसी थर्मिस्टर, तिघांच्या तारांच्या वाटा वेगळ्या. एनटीसी घेण्यामागे खास हेतू होता. गळतीने रोध घटला की पीटी१०० ला थंड वाटते, पण एनटीसीचा रोध तापमानाबरोबर उतरत असल्याने त्याला गरम वाटते. एकाच ओलाव्याने दोघांची वाचने विरुद्ध दिशांना जातात, म्हणजे सामाईक दोष लपण्याऐवजी उघडा पडतो. १०० किलोओमच्या गळतीने पीटी१०० सुमारे ०.३४ अंश खाली जातो. १० किलोओमचा एनटीसी ३७ अंशांना साधारण ६ किलोओम असतो, तो त्याच गळतीने जवळपास दीड अंश वर जातो. म्हणजे एनटीसी ओलाव्याला जास्त हळवा आहे. काहींना हा दोष वाटला. इथे तोच गुण होता, कारण तो आधी ओरडणार.

तयार नवे यंत्र घेण्याचाही विचार झाला. पण त्यातला अतितापरक्षक किती स्वतंत्र आहे हे तरीही तपासावेच लागणार होते.

केलेली कामे

पीटी१०० दोन्ही चार तारांचे घेतले आणि त्यांच्या तारा सेन्सरपासून बोर्डपर्यंत अखंड ठेवल्या. दमट भागात एकही जोड नाही. एक मागच्या भिंतीतून, दुसरा बाजूच्या भिंतीतून, वेगवेगळ्या ग्लँडमधून (भिंतीतून तार घट्ट बाहेर काढणाऱ्या तोटीतून) बाहेर काढला. बाहेर आल्यावर तारेला खाली झुकलेले वळण दिले, म्हणजे थेंब वळणावरून गळतो, बोर्डाकडे जात नाही. पितळी ठोकळा काढून टाकला.

एनटीसी काचेत बंद केलेला, १० किलोओम, ०.१ टक्का अचूकतेच्या १० किलोओम रोधकासोबत व्होल्टेज विभाजक करून जोडला. त्याला वेगळा छोटा मायक्रोकंट्रोलर आणि वेगळा वीजपुरवठा दिला. १२ बिटांच्या एडीसीवर इथे एका अंशाला सुमारे ३९ काउंट मिळतात, ०.३ अंशांचा फरक ओळखायला ते पुरेसे आहेत. विभाजक आणि एडीसी एकाच पुरवठ्यावर असल्यामुळे त्या पुरवठ्यातला चढउतार गुणोत्तरात रद्द होतो.

तिन्ही सेन्सर जागेवरच, भरलेल्या इन्क्युबेटरमध्ये, संदर्भ थर्मामीटरशी जुळवले. आतल्या जागांमध्ये मुळातच ०.२-०.३ अंशांचा फरक असतो. तो वजा केला नाही तर ०.३ ची मर्यादा रोज खोटा अलार्म देते. हे आकडे एकदा नोंदले की माणसाने सही केल्याशिवाय बदलायचे नाहीत. सॉफ्टवेअरला ते आपोआप जुळवायला दिले तर हळूहळू होणारा प्रत्येक बिघाड ते प्रेमाने पोटात घालते. संदर्भ थर्मामीटर स्वतः तिघांचा सामाईक दुवा आहे, म्हणून प्रत्येक वेळी आधी त्याचा बर्फबिंदू तपासायचा : शुद्ध पाण्याचा बर्फ बारीक करून, थोड्या शुद्ध पाण्यात घट्ट दाबून.

हीटरच्या वाटेत सॉलिड स्टेट रिलेच्या मालिकेत एक यांत्रिक कॉन्टॅक्टर टाकला. सॉलिड स्टेट रिले बहुधा शॉर्ट होऊन मरतो, म्हणजे हीटर कायम चालू. २२ टक्क्यांना १२ अंशांची वाढ मिळते, तर १०० टक्क्यांना जवळपास ५४ अंशांची, म्हणजे आतली हवा ८० अंशांच्या घरात. त्या कॉन्टॅक्टरची कॉइल फक्त स्वतंत्र मर्यादक, म्हणजे ठरावीक तापमानापुढे हीटरची वीज तोडणारा रक्षक, चालवतो. त्याचा सेन्सर वेगळा, इलेक्ट्रॉनिक्स वेगळे, रीसेट हाताने करायचा. मुख्य कंट्रोलर त्याला काही सांगू शकत नाही. हीटरला चिकटवलेला थर्मल फ्यूज आहेच, पण तो आगीसाठी, पेशींसाठी नाही. हे दोन रक्षक एकच समजण्याची चूक बऱ्याच ठिकाणी होते.

दुसरा निर्णय : मतभेद झाला तर कोणाचे ऐकायचे?

पहिला मसुदा मतदानाचा होता. तिन्ही ०.३ अंशांच्या आत असतील तर मध्यकावर नियंत्रण, एखादा दहा मिनिटे त्याबाहेर राहिला तर त्याला वगळायचे. कागदावर हे निर्दोष दिसते. चाचणीत ते कोसळले.

चाचणी अशी केली : दोन्ही पीटी१०० च्या समांतर २७ किलोओमचे रोधक लावून मूळ घटना पुन्हा घडवली. दोन्ही पीटी सव्वा अंश खाली गेले, एनटीसी जागेवर राहिला. मतदानाने एनटीसीला दोषी ठरवून बाहेर काढले. खरे बोलणारा एकटा पडला, आणि नियंत्रण पुन्हा त्याच दोन खोट्या वाचनांवर गेले.

मग नियम पेशींच्या बाजूने विचार करून लिहिले. सस्तन प्राण्यांच्या पेशी काही तास दोन-तीन अंश खाली राहिल्या तर वाढ मंदावते, पण ३९-४० च्या पुढे त्या ताणाखाली येतात. म्हणजे थंडीकडची चूक आणि गरमीकडची चूक समान वजनाच्या नाहीत, आणि मतदान दोघींना समान मानते. अंतिम नियम असे :

आधी शक्य-अशक्य तपासणी. ५ अंशांखालचे किंवा ६० अंशांवरचे वाचन, तुटलेली वा शॉर्ट झालेली तार : तो सेन्सर लगेच बाद.

तिन्ही ०.३ च्या आत : मध्यक.

एक सेन्सर इतर दोघांपेक्षा खाली : त्याला वगळा, अलार्म द्या, उरलेल्या दोघांतल्या जास्त वाचनावर चालवा.

एक सेन्सर इतर दोघांपेक्षा वर : त्याला कधीही आपोआप वगळू नका. अलार्म द्या आणि त्याच्याच वाचनावर नियंत्रण करा, पण ड्यूटी १८ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका.

विश्वासार्ह वाचन एकच उरले किंवा तिन्ही तीन दिशांना गेले : ड्यूटी १८ टक्क्यांवर स्थिर ठेवा आणि माणसाला बोलवा.

१८ टक्के हा आकडा खोली २५ अंशांना असताना सुमारे ३५ अंश देतो. वरचा सेन्सर खोटा निघाला तरी पेशी ३५ च्या आसपास राहतात. खरा निघाला तर १८ टक्के ड्यूटी यंत्राला फार वर नेऊच शकत नाही. खोलीचे तापमान बदलते अशा ठिकाणी हा आकडा खोलीच्या तापमानावरून काढावा लागेल. हीटर सरळ बंद करण्याचा आग्रहही काहींनी धरला होता, पण सुट्टीच्या रात्री आतले तापमान खोलीच्या पातळीला उतरले असते, आणि तेवढे टाळता येत असेल तर टाळावे असे ठरले.

दार उघडल्यापासून १५ मिनिटे तुलना थांबते, कारण छोटा एनटीसी धातूच्या नळीतल्या पीटी१०० पेक्षा लवकर थंड होतो आणि लवकर सावरतो. स्वतंत्र मर्यादक मात्र कधीच थांबत नाही.

चाचण्या आणि निष्पत्ती

नव्या नियमांसह दोन्ही पीटींची गळती हळूहळू वाढवत नेली. ११३ किलोओमच्या आसपास त्यांची चूक ०.३ अंश झाली, एनटीसी "वर" ठरला, नियंत्रण त्याच्याकडे गेले. आतली हवा ३७.३ च्या पुढे गेली नाही. मूळ घटनेत ती ३८.३ पर्यंत पोहोचली होती.

मर्यादकाची चाचणी रिले जबरदस्तीने चालू ठेवून केली. तो ३९.० वर लावला होता आणि तिथेच त्याने वीज तोडली, पण हीटरमध्ये साठलेल्या उष्णतेने हवा ३९.४ पर्यंत चढली. म्हणून तो ३८.५ वर आणला. शिखर ३८.९ वर थांबले. दार उघडल्यानंतरची नेहमीची उसळी ३७.४ पर्यंतच जात असल्याने विनाकारण वीज तोडली जाण्याची भीती नव्हती.

सुरुवातीला खोटे अलार्म आले. ट्रेमध्ये थंड पाणी भरले की खालच्या बाजूचा सेन्सर बराच वेळ मागे राहत असे. मर्यादा सैल न करता पाणी आधी ३७ अंशांना गरम करून भरायचा नियम केला. पुढे एकदा बाजूच्या भिंतीतला पीटी ०.३५ अंश खाली गेला, वगळला गेला, अलार्म वाजला. ग्लँड सैल झाला होता. आतल्या संवर्धनाला त्याची झळ लागली नाही.

काय वेगळे करता आले असते

हीटरच्या ड्यूटीवर अलार्म पहिल्या दिवसापासून हवा होता. त्याला एकही नवा सुटा भाग लागत नाही. खोलीचे तापमान सोबत नोंदवावे, आणि तासाभराची सरासरी त्या फरकासाठी अपेक्षित ड्यूटीच्या एक दशांशाने सरकली तर सूचना द्यावी. मूळ घटना यात पकडली गेली असती, जेमतेम का होईना.

हीटर ३०० वॉटचा ठेवायला नको होता. स्थिर अवस्थेत लागतात सुमारे ६६ वॉट. १५० वॉटचा हीटर असता तर रिले शॉर्ट होऊनही तापमान ५२ अंशांच्या आसपास थांबले असते. गरम व्हायला वेळ जास्त लागला असता, पण महिनोन्‌महिने चालू राहणाऱ्या यंत्रात त्याने फारसे बिघडत नाही. सॉफ्टवेअरमध्ये ड्यूटीला ५० टक्क्यांची मर्यादा घालणे हा याला पर्याय नाही, शॉर्ट झालेला रिले सॉफ्टवेअरचे ऐकत नाही.

पंख्याचा दोष नव्या रचनेतही सुरुवातीला सुटला होता. पंखा थांबला तर तिन्ही सेन्सर आपापल्या जागेचे खरे तापमान सांगतात, आणि तरीही वरच्या व खालच्या कप्प्यांत मोठा फरक पडतो. सेन्सर कितीही वाढवले तरी हे भरवशाने कळणार नाही. नंतर पंख्याच्या फेऱ्यांचा सिग्नल घेतला आणि फेऱ्या थांबल्या की हीटर १८ टक्क्यांवर आणायची सोय केली.

दोन्ही पीटी अजूनही एकाच एडीसीवर आहेत. दुसरा एडीसी घालायचा की नाही यावर मतभेद राहिले. एनटीसीची वाट पूर्ण वेगळी असल्याने एडीसीचा दोष आता उघड होईल, पण तो झाला तर दोन पीटी एकदम जातील आणि यंत्र एका सेन्सरवर येईल. दर तीन महिन्यांच्या तपासणीत १०० ओमचा रोधक लावून शून्य पाहायचे, एवढ्यावर सध्या भागवले आहे.